बिल मागितलं की भरवसा तुटतो का?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ऑनलाइन जुना मोबाइल घेताना' असा विषय छापलाय. सकाळी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारलं, "वकीलबाई, चळवळीच्या शिबिरात हे मोबाइलचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. तलाक, मुलींचं शिक्षण, शिष्यवृत्त्या हे आपले नेहमीचे विषय. पण माझ्या ऑफिसात पहिल्यांदाच पोलीस ठाण्याचं नाव घेऊन, घाबरून आलेली जी पोरं बसतात, त्यातली बरीच मोबाइलपायी येतात. मारामारी नाही, दंगल नाही. सात-आठ हजारांचा जुना फोन.

आधी जरा हात वर करा. तुमच्यापैकी किती जणांच्या हातातला फोन जुना घेतलेला आहे? निम्म्याहून जास्त दिसताहेत. आता ज्यांच्याकडे त्या फोनचं बिल आहे, त्यांनीच हात वर ठेवा. चार. बरं, ज्याच्याकडून घेतला त्याचा पत्ता किती जणांना माहीत आहे? "कुर्ल्याला कुठेतरी राहतो" याला पत्ता म्हणत नाहीत.

जुना फोन घेऊ नका असं सांगायला मी आलेले नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आलं, तेव्हा आपल्या वस्त्यांत एका घरात चार मुलं आणि फोन एक, तोही अब्बांसोबत कामावर जाणारा, अशी गत होती. त्या वर्षी जुन्या फोनांनी कितीतरी पोरांची वर्षं वाचवली. आजही प्रवेशाचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, डिलिव्हरीचं काम, बँक, सगळं फोनवर. अठरा हजारांचा फोन दीड वर्षानं निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो घेणं हा शहाणपणाच आहे. माझा आक्षेप फोनला नाही, घेण्याच्या पद्धतीला आहे.

एक प्रकरण सांगते. नाव, गाव सांगणार नाही. आयटीआयला जाणारा मुलगा, वय एकोणीस. ऑनलाइन जाहिरात पाहून एका स्टेशनबाहेर साडेसात हजारांना फोन घेतला. पैसे रोख. विकणारा म्हणाला, "बिल गुम हो गया, अपनाच आदमी समझो." चार महिने फोन उत्तम चालला. पाचव्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यातून फोन आला: तुमच्या हातातला मोबाइल चोरीचा आहे, घेऊन या. मुलानं काय करावं? विकणाऱ्याला फोन लावला, तो नंबर बंद. जाहिरात काढून टाकलेली. आणि घाबरून त्यानं त्या माणसाबरोबरचं सगळं चॅट पुसून टाकलं. त्याच्या बाजूनं बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं मिटवली.

हे घडतं कसं ते समजून घ्या, कारण पुष्कळांना अजून वाटतं की सिम बदललं की फोन सापडत नाही. प्रत्येक फोनला एक पंधरा आकडी क्रमांक असतो, आयएमईआय. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. सिम तुमची ओळख, आयएमईआय त्या यंत्राची. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागानं सीईआयआर नावाची नोंदणी यंत्रणा उभी केली. महाराष्ट्रात ती २०१९ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ पासून 'संचार साथी'मार्फत देशभर लागू आहे. ज्याचा फोन चोरीला जातो तो पोलिसांत तक्रार करतो, त्या तक्रारीच्या आधारे आयएमईआय तिथे नोंदवून फोन ब्लॉक करतो. पुढे त्या फोनमध्ये कुणीही कुठलंही सिम घातलं की यंत्रणेला कळतं, कोणत्या नंबरावर चाललाय तेही कळतं, आणि ती माहिती पोलिसांकडे जाते. सिम तुमच्या आधारवर घेतलेलं. म्हणजे चोर राहतो बाजूला, सापडता तुम्ही.

आता कायदा. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे. जुने लोक ज्याला चारशे अकरा म्हणायचे, तेच. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही, अप्रामाणिकपणे जो तो घेतो किंवा ठेवतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 'मानायला कारण असून' हे शब्द नीट ऐका. "मला माहीत नव्हतं" एवढ्यानं भागत नाही. वीस हजारांचा फोन पाच हजारांत का मिळतोय? बिल नाही, खोकं नाही, चार्जर नाही. घरी बोलवत नाही, पुलाखाली भेटतो. फोनचं लॉक त्यालाच उघडता येत नाही. हे सगळं दिसत असताना घेतलात, तर सरकारी वकील उद्या हेच विचारणार.

आणि समजा तुमची दानत साफ आहे, तुम्ही खरोखर फसलात. तरी फोन तुमचा होत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी आहे त्याहून जास्त मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकी शून्य, म्हणून तुमच्याकडेही शून्य. फोन पोलीस जप्त करतात, पुढे कोर्टाच्या आदेशानं तो मूळ मालकाकडे जातो. तुमचे साडेसात हजार वसूल करायचे तर त्या स्टेशनबाहेरच्या माणसाला शोधा. तेव्हा कागद तुमचा फोन वाचवत नाही, तुम्हाला वाचवतो. आरोपी म्हणून बसायचं की साक्षीदार म्हणून, हा फरक बहुतेक वेळा त्या कागदावर ठरतो.

इथे एक गोष्ट आपल्यापुरती बोलते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमानांचं प्रमाण आपल्या लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे, हे त्यात वर्षानुवर्षं दिसतं. त्याची कारणं अनेक आहेत. गरिबी आहे, जामीनदार नसणं आहे, वकील नसणं आहे, आणि पूर्वग्रहही आहे. पूर्वग्रहाविरुद्ध आपण बोलू, लढू, ते काम चालूच आहे. पण ठाण्यात रात्री आठ वाजता बसलेल्या मुलाला त्या क्षणी भाषण उपयोगाला येत नाही. त्याला त्याच्या नावाचं, तारखेचं, सहीचं एक चिटोरं उपयोगाला येतं.

मग आपण ते का घेत नाही? मला वाटतं, लाजेमुळे. आपल्या मोहल्ल्यात बिल मागणं म्हणजे समोरच्यावर संशय घेणं. "बिल कायको मंगता, मैं भागा क्या?" असं कुणी म्हटलं की आपण ओशाळतो. पंचवीस वर्षांच्या ओळखीवर व्यवहार करायची आपली सवय आहे. ती वाईट नव्हती, पण ती गल्लीतल्या ओळखीची होती. ऑनलाइन जाहिरातीतल्या माणसाशी तुमची ओळख वीस मिनिटांची असते, आणि तो 'सलाम भाई' म्हणाला की आपण तिला पंचवीस वर्षांची करून टाकतो. आपला सलाम आता ठगांनाही पाठ झालाय, हे लक्षात ठेवा. कुणी सलाम म्हणतो, कुणी फौजी असल्याचं सांगून गणवेशातला फोटो पाठवतो. ज्याला आपण मान देतो, तोच वेष ते घेतात.

ज्यांना दीनच्या भाषेत पटतं त्यांच्यासाठी सांगते. कुराणातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे? नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. सूरह बकराची ती २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, मजकूर कुणी सांगावा, साक्षीदार किती, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नये, इतका तपशील. हातोहात होणाऱ्या सौद्याला तिथे लिहिण्यातून सूट आहे, पण खरेदी-विक्री करताना साक्षीदार ठेवा असं त्याच आयतीत आहे. याच आयतीतल्या स्त्रियांच्या साक्षीवर आपल्याकडे किती वाद होतात! तो वाद करणाऱ्यांपैकी किती जण भाड्याच्या खोलीची पावती घेतात, हे मला एकदा विचारायचं आहे.

फिकहमध्येही घेणाऱ्याच्या हक्कांचा विचार आहे. माल न पाहता घेतला तर पाहिल्यावर सौदा मोडायचा अधिकार हनफी मजहबमध्ये आहे. आमच्या कोकणातल्या शाफईंमध्ये तर न पाहिलेल्या वस्तूची विक्रीच सहसा धरत नाहीत. दोष लपवून विकलेली वस्तू परत करण्याचा अधिकारही आहे. धान्याच्या ढिगाची हदीस तुम्ही मदरशात ऐकली असेल: पैगंबरांनी बाजारात ढिगात हात घातला, आत धान्य ओलं लागलं, आणि त्यांनी विक्रेत्याला विचारलं की ओला भाग वर का ठेवला नाहीस. जाहिरातीत चकचकीत पाठीचा फोटो टाकून कोपऱ्यातली चीर झाकणाऱ्यांनी ही हदीस आठवावी. यात आपलेही पुष्कळ जण येतात, कारण आज घेणारा दोन वर्षांनी विकणारा असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

जाहिरात आवडली की पैसे पाठवायचे नाहीत. टोकन नाही, "दुसरा गिऱ्हाईक थांबलाय" म्हणून पाचशेही नाहीत. आधी आयएमईआय मागा. फोनच्या डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो दिसतो, त्याचा फोटो पाठवायला सांगा. मग आपल्या फोनवरून मेसेजमध्ये के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, आणि १४४२२ वर पाठवा. संचार साथीच्या ॲपवरही हे तपासता येतं. उत्तर ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असलेला असं आलं, तर विषय संपला, कितीही स्वस्त असो. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, तेही हातातल्या फोनशी जुळवा. एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्याच कंपनीच्या फोनवर निघाला तर काय समजायचं ते सांगायला नको. क्रमांक द्यायलाच जो नाही म्हणतो, त्यानं तुमचा बसभाड्याचा खर्च वाचवला.

मात्र ही तपासणी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. चोरी काल झाली असेल आणि तक्रार उद्या होणार असेल, तर यंत्रणेला अजून काही माहीत नसतं. म्हणून कागद हवाच.

भेटायचं दिवसा, माणसं असतील तिथे, आणि एकट्यानं नाही. फोन हातात आला की पुन्हा तोच क्रमांक काढून आधीच्या फोटोशी ताडून पाहा. मग लॉक. ॲन्ड्रॉइडमध्ये आधीच्या मालकाचं गूगल खातं आणि आयफोनमध्ये ॲपल खातं तुमच्यासमोर काढायला लावा, आणि फोन तिथेच रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर रिसेटनंतर फोन जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो. ज्याचा फोन आहे त्याला पासवर्ड माहीत असतो. "घर जाके भेजता हूँ" म्हणणाऱ्याचा तो फोन नाही. हप्त्यांवर घेतलेल्या फोनांचं वेगळंच आहे: हप्ते थकले की कर्ज देणारी कंपनी फोन दुरून बंद करू शकते. महिनाभर चाललेला फोन एके सकाळी हप्ता भरा म्हणत अडून बसतो, आणि हप्ता दुसऱ्याच्याच नावाचा. त्यामुळे हप्ते फिटलेत का, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. बॅटरी, कॅमेरा, माइक, चार्जिंगची पिन हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं पाहाल. एकच सांगते, सुरक्षा अपडेट शेवटचं कधी आलंय ते सेटिंगमध्ये बघा. दोन-तीन वर्षं अपडेट नसलेल्या फोनवर बँकेचं ॲप ठेवणं मला बरं वाटत नाही.

पैसे यूपीआयनं द्या. रोखीला आठवण नसते, यूपीआयला असते: कुणाच्या खात्यात, किती, किती वाजता. विकणारे असाल तर उलटं लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर तो पैसे देत नाही, काढतोय. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि कागद. साध्या वहीचं पान चालतं. मी अमुक, राहणार अमुक, माझ्या मालकीचा अमुक कंपनीचा फोन, आयएमईआय दोन्ही, अमुक रकमेला अमुक व्यक्तीला विकला, फोन चोरीचा नाही, त्यावर हप्ता बाकी नाही. तारीख, दोघांच्या सह्या, बरोबर आलेल्या मित्राची साक्षीदार म्हणून सही. मूळ बिल असेल तर ते घ्या, नाहीतर खोक्यावरच्या क्रमांकाचा फोटो. ओळखपत्राची प्रत घ्या. आधार असेल तर आधीचे आकडे झाकलेलं घ्या, त्याचंही नुकसान व्हायला नको. जाहिरातीचा आणि चॅटचा स्क्रीनशॉट काढून स्वतःला ईमेल करा, कारण फोन जप्त झाला तर फोनमधला पुरावाही त्याच्याबरोबर जातो. हे कागदाचं काम दहा मिनिटांचं आहे. एखादा नाराज होऊन निघून गेला, तर जाऊ द्या. जुन्या फोनांचा दुष्काळ नाही.

हे सगळं जमणार नसेल, तर दुरुस्त करून बिलासकट विकणाऱ्या कंपनीकडून किंवा दुकानातून घ्या. हजार-दीड हजार जास्त जातील. पण बिल देणारा दुकानदार असला की तुम्ही ग्राहक असता, आणि ग्राहक संरक्षण कायद्याचा दरवाजा उघडा राहतो. एकदाच आपला फोन विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध तो दरवाजा सहसा उघडत नाही.

मुलींबद्दल थोडं थांबून बोलायचंय. आपल्या घरांत बहुतेकदा मुलाला नवा फोन आणि मुलीला त्याचा उतरलेला. चला, तेही घेऊ. पण भाईजानचा जुना फोन मिळाला आणि त्यात खातं त्याचंच राहिलं, तर तुझे फोटो, तुझं लोकेशन, तू काय शोधतेस, हे सगळं त्याच्या हातात राहतं. भाऊ चांगला असेल, तरीही. फोन घेतल्यावर तो पूर्ण रिसेट कर, स्वतःचं खातं उघड, स्वतःचा पासवर्ड ठेव. बाहेरून घेतलेल्या फोनमध्ये तर नजर ठेवणारं ॲप असू शकतं, म्हणून रिसेट न केलेला फोन एक तासही वापरू नये. आणि स्वतःचा फोन विकताना आधी खाती काढ, मग रिसेट, मेमरी कार्ड आणि सिम काढून घे. नुसते फोटो डिलीट करून फोन दिलास तर ते परत काढणारे लोक आहेत. असं एक प्रकरण मी पाहिलंय आणि त्या मुलीचं कॉलेज घरच्यांनी सोडवलं. दोष फोटो काढणाऱ्याचा, शिक्षा तिला. हे प्रकरण कोर्टात आलंच नाही, कारण घरातच मिटवलं.

मागे बसलेल्या दोघा-तिघांनी मघाशी सांगितलं की ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. तुमच्याशी थेट बोलते. आपल्या समाजातली पुष्कळ मुलं या धंद्यात आहेत आणि हात चांगले आहेत त्यांचे. कुणीतरी लॉक तोडायला फोन आणतं, कुणी आयएमईआय बदलून मागतं, दोन-तीनशे जास्त देतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ नुसार ओळख क्रमांकात छेडछाड करणं हा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तसा क्रमांक बदललेला फोन जाणूनबुजून बाळगणाऱ्यालाही तोच कायदा लागू होतो. मालक म्हणाला म्हणून केलं, असं सांगून सुटका नाही. दुकानात एक रजिस्टर ठेवा. जुना फोन घेताना क्रमांक, नाव, पत्ता, सही. मुंबईच्या चोर बाजाराचं मूळ नाव शोर बाजार होतं असं सांगतात, खरं-खोटं माहीत नाही, पण एकदा पडलेलं नाव पुसत नाही हे तर आपण पाहतोच.

शेवटी, मघाशी एका मुलीनं चिठ्ठी पाठवलीय, तिचं उत्तर देते आणि थांबते. तिनं विचारलंय: "माझ्या भावानं मागच्या वर्षी बिल नसलेला फोन घेतलाय. आता काय करू?" आज संध्याकाळीच क्रमांक तपासा. ठीक निघाला तर विकणाऱ्याला गाठून कागद आत्ता लिहून घ्या, उशिरा झाला तरी चालेल, फक्त तारीख आजचीच घाला, मागची घालू नका. ब्लॅकलिस्टेड निघाला तर तो फोन विकायचा नाही, फेकायचा नाही, क्रमांक बदलून घ्यायचा नाही, चॅट पुसायचं नाही. कुठून, कधी, कितीला घेतला ते सविस्तर लिहून, वकील किंवा आपल्या एखाद्या कार्यकर्त्याला बरोबर घेऊन ठाण्यात जमा करायचा आणि पोच घ्यायची. जप्तीच्या वेळी पंचनामा आणि यादी होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्याचं चित्रीकरणही व्हायला हवं, त्याची विचारणा करायला घाबरू नका. हजर राहण्याची नोटीस आली, ती कलम ३५ ची असते, तर तिला हजर राहा, पळू नका. भावाला एकट्याला पाठवू नका. माझा नंबर संयोजकांकडे आहे.